‘कुठेही चालेल’ : आपल्या सहलींची पंचवीस वर्षे

स्मरणिका समितीने मला ‘आपल्या सहलींचा इतिहास’ लिहायला सांगितले, त्याचे कारण सरळ आहे. सहलींच्या तिन्ही वह्या माझ्या कपाटात आहेत. अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या हातून वही सुटत नाही आणि बेरीज जुळली नाही तर त्याला झोप लागत नाही, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

या वह्यांत पंचवीस वर्षांतल्या सोळा सहली आहेत. तारीख, ठिकाण, किती कुटुंबे, बसची अनामत, चहा-नाश्ता, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, सगळे नोंदलेले. शेवटचा रकाना मात्र बँकेच्या कुठल्याच वहीत नसतो. तो आपल्या पहिल्या खजिनदारांनी आखला होता : ‘अभिप्राय’. परतीच्या बसमध्ये वही फिरवायची आणि प्रत्येक कुटुंबाने एक ओळ लिहायची. ‘उत्तम.’ ‘जेवण तिखट.’ ‘मुले खूश, आम्ही दमलो.’ ‘पुन्हा नको.’ एका पानावर तर कोणीतरी नुसता उद्गारचिन्ह काढून ठेवला आहे.

लेखासाठी मी हा रकाना पहिल्या पानापासून वाचून काढला. ठिकाण सुंदर होते म्हणून लोक समाधानी झाले, असे काही त्यातून दिसत नाही. सर्वांत सुंदर जागी काढलेल्या सहलीचे शेरे सर्वांत कडू आहेत. त्या शेऱ्यांचा संबंध ठिकाणापेक्षा ‘ते ठरलं कसं’ याच्याशी जास्त दिसतो. म्हणून हा इतिहास ठिकाणांचा कमी आणि ठरवण्याचा जास्त आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या आजोबा-पणजोबांना ‘यंदा कुठे जायचं’ हा प्रश्नच नव्हता. कुलदैवत ठरलेले, जत्रेची तिथी ठरलेली, आणि आषाढी म्हणजे पंढरपूर. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. रथाच्या पुढे कोणत्या दिंड्या, मागे कोणत्या, त्यांचे क्रमांक, मुक्कामाची गावे, सगळे नेमलेले. लाखो माणसे अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालतात आणि कुठे जायचे यावर एकही मत कोणी देत नाही.

पण म्हणून वारीत कोणाचे ऐकले जात नाही, असे समजू नका. संध्याकाळी मुक्कामावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि क्षणात शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, काय झालं ते विचारतो, तिथेच निवाडा होतो आणि मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि मग आरती. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आठवली. आपल्याकडे सगळेच टाळ एकदम वाजतात, एवढाच फरक.

आता विलायतेतला प्रकार. थॉमस कुक नावाच्या सुताराने, जो दारूबंदीचा कट्टर प्रचारक होता, ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोपर्यंत रेल्वेची खास गाडी ठरवली. सुमारे ५०० माणसे, माणशी १ शिलिंग. आजच्या पर्यटन धंद्याचा उगम या सहलीत शोधतात. तिथेही माणसांना पर्याय नव्हते. कुकने ठिकाण ठरवले, दर ठरवला, ज्यांना पटले ते आले. पटले नाही तर घरी बसा! बारा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी धावली आणि वर्षभरात लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. म्हणजे आपण डोंबिवलीकर रोज ज्या मार्गावर लोंबकळतो, तो देशातला सर्वांत जुना. गाडी आली तशी माथेरान, लोणावळा, नाशिक ही नावे एकाच पंगतीत येऊन बसली. ठिकाणे वाढली की निवड करावी लागते. ठिकाण एकच असेपर्यंत भांडण नव्हते.

आमच्या पिढीला निवड शिकवली ती एलएफसीने. बँकेतल्या मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो की ही नोकरदाराला मिळणारी प्रवासभाड्याची सवलत. मूळ गावी जा, किंवा चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही. ‘भारतात कुठेही’ या दोन शब्दांनी मध्यमवर्गीय घरांत केवढी खळबळ उडवली! ज्या माणसाने कोल्हापूरच्या पुढे पाऊल टाकले नव्हते, तो कन्याकुमारीच्या गाड्यांचे वेळापत्रक पाठ करू लागला. पण घरात ठरवायचा तो कर्ता पुरुषच. बायकोला ‘बरोबर काय न्यायचं’ हे विचारलं जाई, ‘कुठे जायचं’ हे नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपली पहिली सहल अष्टविनायकाची. एसटीची बस ‘प्रासंगिक करारा’वर घेतली होती. व्यवस्थापक समितीने ठरवले, नोटीस लावली, नावे आली. दुसरा पर्याय कोणी मांडला नाही आणि कोणी मागितलाही नाही. सिद्धटेक आणि मोरगावच्या मध्ये टायर पंक्चर झाले, दोन तास उन्हात. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढताना बी विंगमधले एक आजोबा अर्ध्यावर बसले, त्यांना दोन पोरांनी हात देऊन वर नेले. रात्री ओझरला सतरंज्या कमी पडल्या. आणि शेरे? बत्तीस कुटुंबे, त्यांपैकी तीस ‘उत्तम’ किंवा ‘अविस्मरणीय’. त्या वेळी आपण सगळे नवे होतो. कोणाचा डबा कसला, कोणाचे मूल कुठल्या शाळेत, हे त्या दोन दिवसांत कळले. न निवडलेले ठिकाण मनात नसले की आहे ते गोड लागते, असेही असेल.

पुढची चार-पाच वर्षे अशीच गेली. मग २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झालेला, कोकण रेल्वे १९९८ पासून धावत होती, घरोघरी चारचाकी यायला लागल्या होत्या. लोक आपापले फिरून येऊ लागले आणि मते बनू लागली. ‘समिती कोण ठरवणारी?’ हे वाक्य इतिवृत्तात आले नाही, पण जिन्यात मी स्वतः ऐकले आहे. तेव्हा ठरले की लोकशाही पद्धतीने मतदान घ्यायचे. तीन ठिकाणे : महाबळेश्वर, गणपतीपुळे, वेरूळ-अजिंठा. एका कुटुंबाला एक मत.

मतदान ४२ कुटुंबांनी केले. महाबळेश्वर १८, गणपतीपुळे १३, वेरूळ-अजिंठा ११. महाबळेश्वर जिंकले, टाळ्या झाल्या, अनामत भरली. आणि मग नावे काढून घ्यायला लोक येऊ लागले! शेवटी २६ कुटुंबे गेली, दुसरी बस अर्धी रिकामी, तोटा सर्वांवर वाटला. शेरे वाचवत नाहीत. ‘यापूर्वी दोनदा पाहिले आहे.’ ‘घाटात मुलांचे हाल.’ ‘हॉटेलचे सीझनचे दर कोणी पाहिले होते का?’ ज्यांनी महाबळेश्वरला मत दिले त्यांचेही शेरे फिके आहेत, कारण समोरच्या बाकावर कोणी तोंड वाकडे करून बसले असेल तर स्ट्रॉबेरी काय गोड लागणार?

त्या वेळच्या खजिनदारांना हिशेब चुकल्यासारखा वाटत होता. ते घरोघर गेले आणि विचारले : तुमची दुसरी पसंती कोणती होती, तिसरी कोणती? तो कागद वहीत चिकटवलेला आहे. गणपतीपुळेवाल्या तेराही जणांची दुसरी पसंती वेरूळ. वेरूळवाल्या अकराही जणांची दुसरी पसंती गणपतीपुळे. म्हणजे २४ कुटुंबांच्या यादीत महाबळेश्वर सर्वांत शेवटी! महाबळेश्वरवाल्या अठरांपैकी दहांना त्याखालोखाल गणपतीपुळे चालणार होते, आठांना वेरूळ. पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १ आणि तिसरीला ० धरा. महाबळेश्वर ३६, वेरूळ ४३, गणपतीपुळे ४७. जिंकलेले ठिकाण गुणांत तळाला.

खजिनदारांनी हे स्वतःच्या डोक्याने काढले होते. पण पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हेच १७७० साली मांडले गेले होते. मांडणारा झाँ-शार्ल द बोर्दा, नौदलातला अधिकारी आणि गणिती. एकच नाव लिहायच्या मतदानात, बहुतेकांना जो सर्वांत नकोसा असतो, तोही निवडून येऊ शकतो, हे त्याने दाखवले आणि क्रमाने गुण द्यायची रीत सुचवली. अकादमीने ती आपल्या सभासदांच्या निवडणुकीसाठी काही वर्षे वापरलीही. लोक लबाडी करून प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटचा क्रमांक देतील, असा आक्षेप आला तेव्हा माझी रीत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असे तो म्हणाल्याचे सांगतात. आमच्या खजिनदारांनाही हा आक्षेप ऐकावा लागला. त्यांचे उत्तर इथे छापण्यासारखे नाही.

दोन वर्षे सहल निघालीच नाही. मग तिसऱ्या वर्षी, वाद नको म्हणून, समितीच्या बैठकीत विषय निघाला. कोणीच बोलेना. शेवटी एक सभासद म्हणाले, ‘मे महिन्यात एका दिवसात शिर्डी-शिंगणापूर करून येऊ.’ एकाने ‘चालेल’ म्हटले, दुसऱ्याने म्हटले, बाराही जणांनी म्हटले. पहाटे चारला निघालो, रात्री दीडला परत. बसमध्ये एसी नव्हता, दुपारच्या उन्हात रांगेत मुले रडत होती. पुढच्या रविवारी चहाला बसल्यावर एकेक जण बोलू लागला. ‘मला तर मुळीच जायचं नव्हतं, तुम्ही सगळे उत्साहात होता म्हणून.’ फिरत फिरत गोष्ट सुचवणाऱ्यांपर्यंत आली. ते म्हणाले, ‘मलाही नव्हतं जायचं! कोणी काही बोलत नव्हतं म्हणून मी आपलं काहीतरी बोललो.’

मी हसलो, कारण बँकेच्या प्रशिक्षण वर्गात हीच गोष्ट आम्हाला सांगितली होती, फक्त गाव टेक्सासमधले. जेरी हार्वी या प्राध्यापकाने १९७४ साली ती लिहिली. कोलमन गावात उकाड्याने जीव नकोसा झालेली दुपार, पारा १०४ फॅरनहाइट. घरात चौघे पंख्यासमोर निवांत बसलेले. सासरे म्हणतात, ॲबिलीनला जेवायला जाऊ. ॲबिलीन ५३ मैलांवर, गाडी जुनी, एसी नाही. सगळे हो म्हणतात. धुळीने माखून, बेचव जेवून परत आल्यावर कळते की चौघांपैकी एकालाही जायचे नव्हते. सासऱ्यांना वाटले होते की बाकीचे कंटाळले असतील. हार्वीचे म्हणणे असे की माणसांना मतभेद सांभाळता येत नाहीत हा आपला समज. खरे तर त्यांना एकमत सांभाळता येत नाही. बँकेत आम्ही हे कर्जमंजुरीच्या बैठकांसाठी शिकलो. सोसायटीत ते शिर्डीच्या रांगेत उपयोगी पडले, पण उशिरा.

त्यानंतरच्या वर्षी अध्यक्षांनी सभेत जोडी-जोडीने हात वर करायला सांगितले. पर्याय नाशिक, दापोली, कोल्हापूर. पहिल्यांदा नाशिक विरुद्ध दापोली : नाशिक जिंकले. मग दापोली विरुद्ध कोल्हापूर : दापोली जिंकली. ‘झालं तर मग, नाशिक!’ असे म्हणून अध्यक्ष उठू लागले, तोच सी विंगमधून आवाज आला की नाशिक आणि कोल्हापूर समोरासमोर घेतलेच नाहीत. घेतले. कोल्हापूर जिंकले! सभागृहात असा गोंधळ झाला की वॉचमन वर आला. लोकांना वाटले हात मोजण्यात लबाडी झाली. तसे काही नव्हते. ए विंगचा क्रम साधारण नाशिक, दापोली, कोल्हापूर. बी विंगचा दापोली, कोल्हापूर, नाशिक. सी विंगचा कोल्हापूर, नाशिक, दापोली. कागदावर मांडून पाहा, कोणतेही ठिकाण घ्या, त्याला हरवणारे दुसरे ठिकाण दोन विंगांच्या बळावर उभे राहते. प्रत्येक माणसाचे डोके ठिकाणावर आहे, पण सगळ्यांचे मिळून नाही. फ्रान्समधल्याच काँदोर्सेने १७८५ साली हा चकवा छापून ठेवला आहे. पुढे केनेथ ॲरो यांनी १९५१ साली सिद्ध केले की तीन किंवा जास्त पर्याय असतील तर काही साध्या, न्याय्य वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी क्रम लावायची कोणतीही रीत असूच शकत नाही. त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. आपले अमर्त्य सेन याच विषयात पुढे गेले. तेव्हा आपल्या अध्यक्षांना दोष देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

रात्रीचे अकरा वाजले होते. शेवटी एका आजींनी सुचवले, ‘कौल लावा.’ आजी मूळच्या सिंधुदुर्गातल्या. तिकडे देवाला तांदूळ किंवा फुले लावून कौल घेतात. ज्या बाजूचे आधी पडेल ते मान्य, मग गावकीत कोणी कोणाला बोल लावत नाही. आपण तीन चिठ्ठ्या वॉचमनच्या टोपीत टाकल्या आणि एका चार वर्षांच्या मुलीने एक काढली. दापोली. आणि गंमत अशी की हर्णैला मासळीचा लिलाव पाहून परत येताना लिहिलेले शेरे अष्टविनायकानंतरचे सर्वांत चांगले आहेत. आपल्या शेजाऱ्याने आपल्याला हरवले, ही बोच कोणाच्याच मनात नव्हती.

पण चिठ्ठीला कोणाची कंबर दुखते ते कळत नाही. हे लक्षात आणून दिले ते महिला मंडळाने. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, मत कुटुंबाला नाही, माणसाला. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतंत्र चिठ्ठी. दोन, चिठ्ठीवर ‘कुठे जायला आवडेल’ या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न : ‘कुठे जमणारच नाही?’ ज्या ठिकाणावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त फुल्या येतील ते बाद. उरलेल्यांतून दर वर्षी पाळीपाळीने एका विंगची पसंती घ्यायची. समितीत दोन पुरुष सभासदांनी ‘घरात एकच मत असतं’ म्हणून विरोध केला. ठराव तेवढ्या दोन मतांविरुद्ध मंजूर झाला.

त्या पहिल्या पेटीतल्या चिठ्ठ्या मी मोजल्या. बँकेत मी लाखोंच्या नोटा मोजल्या आहेत, पण इतक्या हळू कधीच नाही. ‘घाट नको, मला उलट्या होतात, घरी सांगितलेलं नाही.’ ‘यंदा हप्ते आहेत, दोन हजारांवर जमणार नाही.’ ‘समुद्र नको’ असे एका मुलाने लिहिले होते, खाली कारण होते : ‘पोहता येत नाही म्हणून सगळे हसतात.’ एका चिठ्ठीवर नुसते ‘महाबळेश्वर नको’ होते. अक्षर ओळखीचे होते. त्या घरातले गृहस्थ आपल्या महाबळेश्वरच्या सहलीहून आल्यावर दोन महिन्यांत गेले. हे सगळे त्याच इमारतीत होते, त्याच जिन्यात रोज ‘काय, बरंय ना?’ म्हणत होते. कुठलेही हात वर करून हे बाहेर आले नसते.

आणि एक चिठ्ठी सी विंगमधल्या काकूंची. काकूंनी अठ्ठावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. आजवर त्यांच्या घरचे मत काका देत आणि ते दर वेळी गणपतीपुळे असे. काकूंना विचारले तर त्या म्हणत, ‘कुठेही चालेल हो.’ चिठ्ठीवर लिहिले होते : ‘वेरूळ. कैलास लेणे अठ्ठावीस वर्षे शिकवले, पाहिलेले नाही.’ काकांना हे माहीत नव्हते. ‘मला कधी म्हणाली नाही’, असे ते मला म्हणाले, आणि बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसले.

वेरूळ त्या वर्षी लागले नाही. पाळी ए विंगची होती, अलिबाग झाले. त्यानंतर बी. सी विंगची पाळी आली तेव्हा काकूंचे गुडघे गेले होते. इथे एक व्यवहारी सूचना, कोणाला उपयोगी पडेल : वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकणाऱ्यांनी हे पाहूनच बस ठरवावी. आपण गुरुवारी रात्री निघालो.

सोळा नंबरचे लेणे म्हणजे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे काम झाले असे मानतात. डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. आधी कळस, मग पाया. काकूंसाठी दोन तरुणांनी खुर्ची उचलून आत अंगणात ठेवली. बाकीची मंडळी चौतीस लेण्यांतली जमतील तेवढी बघायला गेली. काकू तिथेच बसल्या. थोड्या वेळाने दोन-तीन मुले त्यांच्याजवळ रेंगाळली, मग पाच-सहा, आणि काकूंनी धडा घेतला. रावण कैलास हलवतो त्या शिल्पाकडे बोट दाखवून, आवाज न चढवता, जणू वर्गात फळा मागे आहे. तासभर. काका एका खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी वहीत लिहिलेला शेरा असा आहे : ‘गणपतीपुळे पुढच्या वेळी.’

सगळे खूश होते असे नाही. एका कुटुंबाने उकाड्याबद्दल अर्धे पान लिहिले आहे आणि एकाने अनामत परत मागितली, ती नियमाप्रमाणे दिली नाही, त्यावरून पुढे वर्षभर अबोला होता. पण ज्यांच्या चिठ्ठीवर वेरूळ नव्हते त्यांची संख्या मोठी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे शेरे चांगले आहेत. मला याचे नवल वाटले. माझी नात मानसशास्त्र शिकते, तिला विचारले. तिने सांगितले की या विषयावर बरेच काम झाले आहे. जॉन थिबो हे मानसशास्त्रज्ञ आणि लॉरेन्स वॉकर हे कायद्याचे प्राध्यापक यांनी १९७५ साली न्यायनिवाड्यांच्या अभ्यासातून दाखवले की निकाल काय लागला याइतकेच, आपले म्हणणे मांडायला मिळाले का, यावर माणसाचे समाधान अवलंबून असते. १९९० साली लिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग केला. निर्णयाआधी ऐकून घेतले तर माणसांना तो सर्वांत न्याय्य वाटतो. पण निर्णय झाल्यावर, आता काही बदलणार नाही हे ठाऊक असताना ऐकले, तरीसुद्धा मुळीच न ऐकण्यापेक्षा बरे वाटते. मी नातीला समाज आरतीचे सांगितले. ती म्हणाली, ‘आजोबा, हे कुठल्या पुस्तकात आहे?’ तिला म्हटले, आषाढात आळंदीहून निघ, दिसेल.

तिनेच आणखी एक सांगितले, ते आपल्या सहल समितीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हॉलंडमध्ये १५३० माणसांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीला जाणारे लोक जायच्या आधी इतरांपेक्षा जास्त आनंदी असतात. परत आल्यावर, फार निवांत सुट्टी झालेले सोडले तर, फरक उरत नाही. म्हणजे खरा आनंद बॅग भरण्यात. आपली वही याला पूर्ण दुजोरा देत नाही, कारण आपल्याकडे परतल्यावर फोटो दाखवण्याचा कार्यक्रम असतो आणि तिथे शिर्डीच्या उन्हातल्या सहलीच्याही गोष्टी आता हसून सांगतात. पण ठरवण्याचे दिवस लांबवले तर तेवढे दिवस लोक मजेत असतात, हे मी पाहिले आहे. अर्थात सभा अकरापर्यंत चालली नाही तर.

कोरोनाची दोन वर्षे सहल नव्हती. त्या काळात पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये धूळ खात होती. २०२२ साली ती उघडली तेव्हा आत तीन चिठ्ठ्या निघाल्या. कोणी मागितल्या नव्हत्या, कोणीतरी आपणहून टाकल्या होत्या. दोन जणांना कोकण हवे होते. तिसरीवर लिहिले होते, ‘कुठेही, पण सगळे.’ सही नव्हती. तीनही मी वहीत लावून ठेवल्या आहेत.

रौप्यमहोत्सवी सहलीसाठी पाळी बी विंगची आहे. अर्थात तिघांनी अजूनच अर्ज केला आहे की या वर्षी पाळी न धरता सर्वांची मिळून पसंती घ्यावी, गुण पद्धतीने. तो विषय पुढच्या सभेत आहे. सभेला येताना आपले तीन क्रम लिहून आणलेत तर मोजणीला अर्धा तास वाचेल. ज्येष्ठांपैकी कोणाला दोन पायऱ्यांवर चढवत नसेल त्यांनी तसे दुसऱ्या प्रश्नाखाली लिहावे, संकोच करू नये. बसमधल्या पुढच्या चार जागा त्यांच्यासाठी राखलेल्या आहेत. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांनी आई-वडिलांच्या वतीने चिठ्ठी भरू नये, त्यांना स्वतः भरू द्यावी. अक्षर लागत नसेल तर मी घरी येऊन लिहून घेईन, पण सांगणाऱ्याने स्वतः सांगायला हवे. पेटी वॉचमनच्या केबिनबाहेर ठेवली आहे. किल्ली एक माझ्याकडे आणि एक महिला मंडळाकडे.